उंदीर आढळले नाहीत

घटस्थापनेच्या सुमाराला हळवं, लवकर येणारं भात पिवळं पडू लागतं आणि मला एका जागी बसवत नाही. कट्टा या माझ्या सासरच्या गावी आमच्या घरामागे दोन कुणगे, म्हणजे बांध घातलेले भाताचे तुकडे, ओलांडले की मळाच सुरू होतो. दुपारचा वारा त्या बाजूने आला की पिकत्या भाताचा वास थेट ओटीवर येतो. गोडसर, ओलसर, पेजेच्या वाफेसारखा. माझी जाऊ तो वास आला की हातातलं काम थांबवून क्षणभर डोळे मिटते. मी मात्र उठते. तांदळाच्या पिंपाचं झाकण दाबून बघते. चुलीमागचा कोपरा वाकून बघते. शिडी लावून माळ्यावर चढते आणि नारळांच्या ढिगामागे बोट फिरवून, काळ्या बारीक लेंड्या लागतात का, ते चाचपते. माझे यजमान खालून म्हणतात, "बस गो वायच. काल बगललंस मां?" काल बघितलेलं असतं. परवाही बघितलेलं असतं.

या दिवसांत रस्त्याने रिक्षा फिरते. तिच्या टपावरच्या कर्ण्यातून एक मुलगी शुद्ध मराठीत सांगत जाते, की शेतात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊ नका, आठवड्याची गोळी चुकवू नका. रिक्षा वळणावर गेली की आवाज बारीक होतो, मग मळ्यापलीकडून पुन्हा ऐकू येतो. मी तो शेवटपर्यंत ऐकते. एका हंगामात हेच सगळं सांगत मी दारोदार फिरले होते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि आता माझा थोरला त्या वयाच्या जवळ आला आहे.

माझं माहेर किनाऱ्यावरच्या एका लहान गावातलं. गाव लहान असलं तरी त्याला नगरपालिका होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या पट्ट्यात माड, भात आणि माणसं. आदल्या वर्षी आजूबाजूच्या गावांतून तापाने बरीच माणसं आजारी पडली होती. आधी सगळे त्याला मलेरिया म्हणाले, मग कावीळ म्हणाले, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की हा उंदराच्या मुताने येणारा ताप. शेतात पाणी साठतं, त्यात उंदीर मुततात, आणि भात कापायला उतरलेल्या माणसाच्या पायाच्या चिखल्यांतून तो ताप अंगात शिरतो. म्हणून त्या वर्षी गणपती गेल्याबरोबर नगरपालिकेने घरोघर उंदीर बघायचं आणि मारायचं काम काढलं. तीन महिन्यांसाठी माणसं घेतली. बारावी होऊन घरी बसलेली मी त्यात लागले.

माझ्या जोडीला गुंडूकाका होते. नगरपालिकेत त्यांची सगळी नोकरी उंदीर, डास आणि मोकाट कुत्रे यांच्यामागे गेली होती, आणि निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. उंच, वाकलेले, कायम पायात रबरी बूट. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी असे आणि माझ्या हातात पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेले अर्ज. घरमालकाचं नाव, माणसं किती, घरात उंदरांच्या खुणा आढळल्या की नाही. खुणा म्हणजे लेंड्या, बिळं, कुरतडलेली पोती, भिंतीच्या कडेने गेलेला तेलकट काळपट पट्टा. तो पट्टा ओळखायला गुंडूकाकांनी मला शिकवलं. उंदीर कायम भिंतीला अंग घासत एकाच वाटेने जातो, मोकळ्यावरून जायला तो घाबरतो, असं ते सांगत. त्यानंतर मला प्रत्येक घराच्या भिंतीच्या कडेला ती वाट दिसू लागली. आजही दिसते. कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी नजर आधी भिंतीच्या तळाशी जाते.

औषध घालायची रीत मात्र मला पहिल्यापासून अस्वस्थ करायची. उंदीर संशयी जनावर, नवीन खाणं तो लगेच तोंडात घेत नाही. म्हणून पहिले दोन दिवस तांदळाच्या कण्यांना नुसतं गोडंतेल चोळून त्याच्या पुड्या ठेवायच्या. त्यात विष नाही. त्याने खावं, त्याचं काही बिघडू नये, त्याने आपल्या घरातल्यांनाही आणावं. तिसऱ्या दिवशी त्याच कण्यांत काळी पूड कालवायची. तिला लसणीसारखा उग्र वास येई. गुंडूकाका ती काठीने ढवळायचे, तोंड बाजूला करून, आणि मला वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहायला लावायचे. एका घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी आम्हांला विचारलं होतं, की आठ दिवसांमागे गणपतीच्या पायाशी ह्यालाच मोदक ठेवला आणि आज हे काय घेऊन आलात. गुंडूकाका हसले नाहीत. त्यांनी आजोबांना समजावलं, की तो देवाकडचा, आणि हा शेतातला.

पण त्या दिवसांत खरं दिसलं ते माणसांचं घर. बाहेरून ओटी सारवलेली, तुळशीपुढे रांगोळी, आणि आत शिरलं की प्रत्येक घराचं काहीतरी लपवलेलं. कुठे मागच्या खोलीत सरकवलेली सासू, जिच्याशी घरात कुणी बोलत नव्हतं. कुठे माळ्यावर मुंबईहून परत आलेल्या मुलाच्या बंद पेट्या. आम्ही उंदीर शोधायला जायचो आणि बायका आधी तेवढं आवरायला धावायच्या. घरात उंदीर आहेत, हे कबूल करायला माणसांना भारी जड जायचं. जणू आम्ही घरात चोर आहे का, असं विचारत होतो. बहुतेक घरी एकच उत्तर मिळे, आमच्याकडे नाहीत, शेजारी आहेत.

गुंडूकाकांना याचं नवल वाटत नसे. त्यांचे वडील दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मुंबईत होते आणि तिथल्या पालिकेत हेच काम करत. तेव्हा प्लेगची भीती पुरती गेली नव्हती. सकाळी हातात झाकणाचा डबा घेऊन चाळीचाळींतून फिरायचं, मेलेले उंदीर गोळा करायचे, आणि प्रत्येक उंदराला एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तो सापडला त्या घराचा पत्ता. मग ते उंदीर तपासायला जात. एखाद्यात प्लेग निघाला तर त्या पत्त्यावर माणसं येत, सामान बाहेर काढत, खोली धुऊन घेत. त्यामुळे लोक पहाटे आपल्या खोलीतला मेलेला उंदीर शेपटीला धरून शेजारच्या चाळीच्या गटारात टाकून येत. वडील गटारातला उंदीर उचलून समोरच्या खिडक्यांकडे बघत उभे राहत. चिठ्ठीवर काय लिहायचं?

हे मला गुंडूकाकांनी खाडीच्या बांधावर बसून, डबा खाताना सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांचं एक वाक्य ते कायम म्हणत. "उंदराक घर नसता, बाय. तापाक आसता. म्हणान पत्तो बरोबर लिवचो लागता." मला ते ऐकायला फार आवडलं. मी मान डोलावली. आणि त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मी चुकीचं लिहिलं.

खाडीच्या अंगाला एकाला एक लागून तीन घरं होती. मधलं शेवंतीकाकीचं. शेवंतीकाकी सुकी मासळी विकायची. तिच्या बांगड्यांना आणि सुक्या कोळंबीच्या सोड्यांना पार कट्ट्यापर्यंत नाव होतं. बाजाराच्या दिवशी ती पाटी घेऊन पहिल्या गाडीने जाई आणि दुपारपर्यंत रिकामी पाटी घेऊन परत येई. लहानपणापासून मी तिला ओळखत होते. माझी आई गेल्यावर वर्षभर माझ्या वडिलांना आणि मला आठवड्यातून एकदा तिच्याकडून माशांचं तिखलं येत असे, न मागता.

त्या दिवशी गुंडूकाका पलीकडच्या ओळीत पुड्या ठेवायला गेले होते, म्हणून तिच्या माळ्यावर मी एकटी चढले. अंधार, खारवलेल्या मासळीचा दाट वास, टोपल्यांवर टोपल्या. आणि सगळीकडे लेंड्या. भिंतीच्या कडेचा पट्टा इतका ठळक होता, की कुणी मुद्दाम डांबर ओढलं असावं. एका टोपलीच्या तळाला भोक पाडून आतले सोडे ओढून नेले होते. मी खाली उतरले तेव्हा काकी शिडी धरून उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

ती ओरडली नाही, रडली नाही. मला पाटावर बसवलं, पाणी दिलं. मग सांगू लागली. नगरपालिकेचं औषध तिच्या माळ्यावर चढलं, हे वाडीत कळलं की बाजारात कळायला एक गाडी पुरे. मग तिच्या मासळीला कोण हात लावील? राजा, तिचा मुलगा, होडीवर जातो, पण त्याच्या एकट्याच्या जिवावर घर चालत नाही. ती स्वतः टोपल्या खाली काढील, उन्हात घालील, पिंजरे लावील, एकेक उंदीर पकडून टाकील. फक्त कागदावर नको. शेवटी तिने माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "लिवू नको गो, नलू. मी बगतंय काय ता."

मी लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं. 'उंदीर आढळले नाहीत', असं त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं. मला त्या वेळी भीती वाटली नाही. उलट छातीत काहीतरी ऊबदार वाटलं, की आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो. त्या तिखल्याची परतफेड झाली, असंही मनात आलं असेल. तेवीस वर्षांच्या मुलीला आपण चांगल्या आहोत, असं वाटायला फार थोडं पुरतं.

तिथे थांबले असते तर कदाचित मी आज हे लिहीत बसले नसते. पण पुढचं घर वैशालीचं होतं. वैशाली माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, लग्न होऊन तारकर्लीहून आलेली. तिचा नवरा सदा, चार वर्षांचा मुलगा, आणि घरासमोर त्यांचे स्वतःचे भाताचे दोन कुणगे. मी गेले तेव्हा ती ओटीवर विळ्यांना धार लावून घेत होती, कापणी जवळ आली होती म्हणून. मी विचारलं तसं ती हसली आणि लगेच म्हणाली, की उंदीर हवे तेवढे आहेत, सगळे काकीच्या माळ्यावरून येतात, भिंत तर एकच आहे. तिने मला भिंतीच्या वरच्या बाजूचं भोकही दाखवलं. तिला काही लपवायचं नव्हतं. सबंध वाडीत उंदीर आहेत, असं सरळ सांगणारी ती जवळपास एकटीच.

आणि मी विचारात पडले. तिच्या घरात उंदीर लिहिले तर ते कुठून आले, हा प्रश्न येणार. आमचे अर्ज तपासणारे नगरपालिकेचे डॉक्टर माणूस पाठवणार, तो काकीच्या माळ्यावर चढणार, आणि माझं खोटं उघडं पडणार. वैशालीला माझा कागद वाचता येत होता, पण तिने तो बघितला नाही. मी तिच्यासमोर, तिच्याच ओटीवर बसून, तिच्याही रकान्यात तेच लिहिलं. तिसऱ्या घरात खरोखरच काही नव्हतं. त्यामुळे ती तीन घरांची ओळ कोरी, स्वच्छ निघाली.

त्याचं पुढे काय होणार, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ठाऊक होतं. ताप येऊ नये म्हणून आठवड्याला एक घ्यायच्या गोळ्यांची पहिली खेप थोडी आली होती. ज्या ओळींत उंदीर जास्त आढळले त्यांना आधी गोळ्या, बाकीच्यांना पुढची खेप आली की, असं आम्हांला सकाळीच सांगितलेलं होतं. मी मनाशी म्हटलं, आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे.

दसऱ्यानंतर पावसाने एकदम उलट खाल्ली. दोन दिवस असा कोसळला, की कापायला आलेलं भात आडवं झालं आणि कुणग्यांत पोटरीएवढं पाणी उभं राहिलं. भात कुजायच्या आत काढायला हवं म्हणून सगळी वाडी पाण्यात उतरली. सदा, वैशाली, मदतीला राजा. मी बांधावरून जाताना त्यांना बघितलं होतं. वैशालीने साडीचा काचा मारला होता, पायात काही नव्हतं, आणि ती भिजलेल्या पेंढ्या उचलून राजाकडे देत होती. मला बघून तिने हात वर केला. मी तिला ओरडून सांगितलं, की पायात काहीतरी घाल. तिने हसून चिखलाने भरलेला पाय वर करून दाखवला, म्हणजे या चिखलात काय घालू?

आठवड्याने मला बाजारात कळलं, की राजा तापाने पडलाय. मी तशीच वाडीत गेले. तो ओटीवर घोंगडी घेऊन पडला होता. त्याचे डोळे लाल होते, रडल्यासारखे. मी त्याच्या पोटरीला नुसतं बोट लावलं तर तो कळवळला. कामावर घेताना आम्हांला हेच सांगितलं होतं, लाल डोळे आणि पोटऱ्यांची कळ. काकी कोपऱ्यात उभी होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मी विचारलं, शेजारी सगळे बरे आहेत ना? काकी म्हणाली, की वैशाली तीन दिवस पडून आहे, डोळे पिवळे झालेत, म्हणून सदाने कावीळ उतरवणाऱ्याकडून औषध आणलंय.

मी वैशालीकडे गेले नाही. मी धावत नगरपालिकेत गेले. गुंडूकाका मागच्या पडवीत बूट धूत होते. त्यांना मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मधेच मला रडू आलं, ते त्यांनी थांबू दिलं. मग बूट तसेच ओले पायात घातले आणि म्हणाले, "आदी गाडी. रडूक मगे खूप वेळ आसा." ते खरं होतं. तेवढा वेळ मला पुढे मिळाला.

एकाच गाडीतून दोघांना नेलं. वैशालीला दोघांनी उचलून बसवलं. तिने मला ओळखलं, आणि मुलगा काकीकडे ठेवलाय, त्याला भात मऊ करून भरवायला सांग, असं म्हणाली. तालुक्याला बघून तिला तसंच पुढे गोव्याला पाठवलं. राजा बारा दिवसांनी घरी आला, हाडं झालेला, पण आला. वैशाली तिसऱ्या दिवशी गेली. तिची मूत्रपिंडं थांबली होती, असं म्हणाले.

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं, की त्या ओळीचे अर्ज खोटे आहेत, मी भरलेत. त्यांना चार रात्री झोप नव्हती. त्यांनी ते कागद काढले, फाडले आणि नवीन भरून आणायला सांगितलं. बस. कुणी मला कामावरून काढलं नाही, कुणी विचारलं नाही. संध्याकाळी सगळ्या वाडीला गोळ्या वाटल्या, त्या मीच वाटल्या. काकीच्या माळ्यावर औषध चढलं आणि त्या वर्षी बाजारात तिच्या पाटीपुढे कुणी थांबलं नाही. वाडीत सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की त्या वर्षी ताप आला आणि त्यात एक बाई गेली. कागदावर काय लपवलं होतं, हे मात्र काकीला, मला, डॉक्टरांना आणि गुंडूकाकांना ठाऊक होतं. गुंडूकाका निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी गेले. जाईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

मी लग्न होऊन कट्ट्याला आले. माहेरी जाताना खाडीकडचा रस्ता सोडून वरच्या रस्त्याने जायची सवय लागली. बाजारात काकी दिसली की ती पाटीकडे बघायची आणि मी भाजीकडे. एवढी वर्षं आम्ही बोललो नाही. भांडलोही नाही. भांडायला निदान समोरासमोर उभं राहावं लागतं.

शिक्षा झाली असती तर, असं मला पुष्कळदा वाटतं. कुणी चारचौघांत सांगितलं असतं, सदा अंगावर धावून आला असता, तर कुठेतरी ते संपलं असतं. नुसतं फाडून टाकलेलं संपत नाही. गोळी वेळेवर मिळाली असती तर वैशाली वाचली असती का, हेही कुणी सांगू शकत नाही. गोळी घेऊनही माणसं आजारी पडतात, आणि न घेता धडधाकट राहतात. हा संशय मला सोडवतही नाही आणि बांधूनही टाकत नाही. भात पिकायला लागलं की तो पिकतो, एवढंच. मग मी माळ्यावर चढते, उतरते, पुन्हा चढते. मुलांना मी कधी शेतात अनवाणी जाऊ दिलं नाही. मोठा चेष्टेने मला इन्स्पेक्टर म्हणतो. त्याला कारण ठाऊक नाही. यजमानांनाही अर्धंच ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात मी कट्ट्याच्या बाजारात मिरच्या घेत होते, आणि मागून कुणीतरी माझ्या पदराला हात लावला. शेवंतीकाकी. आता ती पाटी घेऊन येत नाही, राजाची बायको येते. काकी नुसती सोबतीला येऊन एका बाकावर बसते. तिने मला बाजूला घेतलं. ती इतकी बारीक झाली होती, की तिचा हात माझ्या हातावर आहे, हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. इकडचं तिकडचं तिने काही विचारलं नाही.

"श्रावणात मी सदाकडे जावन इलंय," ती म्हणाली. "माळ्यार उंदीर होते, आणि मीच तुका लिवू नको म्हणान सांगलंय, ता सगळा तेका सांगलंय."

मी विचारलं, तो काय म्हणाला? त्याने ऐकून घेतलं आणि चहा दिला, म्हणे.

मग ती म्हणाली, "माजा तेवडा मी सांगलंय. तुजा नाय सांगूक. ता तुजा आसा."

तिची गाडी लागली होती. सुनेने हाक मारली, तशी ती बाकाला धरत उठली आणि गेली. मी मिरच्या तिथेच विसरून घरी आले.

चार दिवस मी कामं काढत राहिले. पिंपं धुतली, माळा झाडला, चादरी वाळवल्या. पाचव्या दिवशी सकाळी यजमानांना उरलेलं अर्धं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, मी येऊ का सोबत? नको म्हटलं. दुपारच्या गाडीने गेले आणि या वेळी खालच्या रस्त्याने गेले.

सदा ओटीवर पेंढ्यांचे बंध वळत बसला होता. केस पांढरे झालेत. त्याने मला लगेच ओळखलं आणि बसायला सांगितलं. अंगणात ओलं भात पसरलेलं होतं. आत भांड्यांचा आवाज येत होता. जेवणं नुकतीच झाली होती. मुलाचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं, असं त्याने सांगितलं. मुलगा आणि सून दोघं सकाळपासून कापणीत आहेत, आता पुन्हा जायचं आहे.

मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठून निघून गेले असते. उभ्या उभ्याच सांगितलं. वैशाली इथे, या ओटीवर बसली होती, तिने मला खरं सांगितलं होतं, भिंतीतलं भोकही दाखवलं होतं, आणि तिच्या समोर बसून मी 'उंदीर आढळले नाहीत' असं लिहिलं. काकीने फक्त तिच्या घराचं सांगितलं होतं. तुमच्या घराचं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं होतं. त्यामुळे तुम्हांला गोळ्या मिळाल्या नाहीत.

सदाच्या हातातला बंध अर्धा वळलेला राहिला. तो अंगणातल्या भाताकडे बघत होता. कावळा उतरला तर तो उठेल, असं मला वाटलं, पण कावळा आला, भात टिपून गेला, तरी तो हलला नाही. मग त्याने विचारलं, "गोळी मेळली आसती तर वाचली आसती ती?"

मी इतकी वर्षं स्वतःला हाच प्रश्न विचारला होता आणि त्यातून सुटायच्या सगळ्या वाटा मला पाठ होत्या. त्यातली एकही मी त्याला दिली नाही.

"ठाऊक नाय, सदाभाऊ," मी म्हटलं. "पण वाचली आसती, असाच माका वाटता."

त्याने अर्धा बंध बाजूला ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला. मला वाटलं, आता जा म्हणेल. तो माझ्या बाजूने आत गेला, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला आणि सुनेला विचारलं, की आठवड्याची गोळी घेतलीस का. आतून ती म्हणाली, संध्याकाळी घेते बाबा, आता घाई आहे, तो बांधावर वाट बघतोय.

"बगूं दे वाट," सदा म्हणाला. "आता घे. माज्यासमोर घे."

फळीवरचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग तांब्यातून पाणी ओतल्याचा. सदा चौकटीला हात लावून उभा होता. ती गोळी गिळेपर्यंत तो तिथून हलला नाही. आणि तो हलेपर्यंत मीही ओटीवर, माझ्या जागी, उभी राहिले.